तोतरेपणा परवडला, लपवालपवी नाही परवडली

तोतरं बोलणाऱ्या माणसाला जेवढे पर्यायी शब्द येतात तेवढे मराठीच्या मास्तरांनापण येत नसतील. माझा 'क' अडकतो म्हणून कित्येक वर्षं मी दुकानात कडक भाकरी मागितलीच नाही, "ती वाळकी भाकरी द्या" म्हणायचो, दुकानदार म्हणायचा कडक म्हण की सरळ, आणि मी नुसती मान हलवायचो. 'प' अडकायचा त्या दिवशी रिक्षावाल्याला पार्क चौक न सांगता सात रस्ता सांगायचो आणि तिथून उन्हात चालत यायचो, आता सोलापूरचं ऊन एप्रिल-मेमध्ये कसं असतं ते हितल्या माणसाला वेगळं सांगायला नको. शाळेत हजेरीला सगळे "हजर" म्हणायचे, मी "येस सर". मास्तरला वाटायचं पोरगं इंग्लिशमध्ये हुशार आहे.

एका शब्दाला मात्र पर्याय नसतो, स्वतःचं नाव. तोतऱ्या माणसाचा सगळ्यात मोठा घोळ बहुतेक वेळा तिथंच होतो. नाव विचारलं आणि दोन सेकंद गप्प राहिलं की समोरचा हसून म्हणतो, "काय बे, नाव विसरलास काय?" बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, विनोद करतोय बिचारा. पण तो विनोद मी पहिलीपासून ऐकलाय आणि प्रत्येक माणसाला वाटतं की त्यालाच पहिल्यांदा सुचलाय.

घर पूर्व भागातलं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि मित्रांमुळं कन्नड शिव्या. तेलुगूत तोतरेपणाला नत्ती म्हणतात, म्हणजे घरी मी नत्ती आणि बाहेर तोतऱ्या. तिन्ही भाषांत अडकतो, फक्त शिव्यांमध्ये नाही अडकत, आणि ही गंमत नाही, खरंच आहे, पाठ असलेलं आणि एका झटक्यात तोंडातून निघणारं बऱ्याच तोतऱ्या लोकांना सहज जमतं. गाणं, आरती, सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणायचं काहीही, तिथंपण नाही अडकत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा मी सगळ्यांच्या बरोबरीनं ओरडायचो आणि अम्मा दरवर्षी म्हणायची, बघ आता बरा झाला, देवानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात परत ये रे माझ्या मागल्या.

बापू, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर कामाला. लहानपणी डबा द्यायला कारखान्यात जायचो तेव्हा मागांच्या त्या खडखडाटात मी एकदम सरळ बोलायचो. ओरडून बोलायला लागायचं आणि स्वतःचं स्वतःला ऐकू यायचं नाही, आणि शब्द कसा फटाफट बाहेर पडायचा. मला वाटायचं ती कारखान्याची काहीतरी जादू आहे. लई नंतर कळलं की मोठ्या आवाजात स्वतःचा आवाज झाकला गेला की बऱ्याच जणांचं अडखळणं कमी होतं, हे अभ्यासकांना कधीपासूनच माहितीय, कानात खर्रर्र आवाज सोडणारी यंत्रंसुद्धा त्यासाठी निघाली होती.

उपाय सगळे झाले. वेखंड मधात उगाळून जिभेवर चाटवलं. एका काकांनी तोंडात गोट्या ठेवून पेपर वाचायला लावला, एक गोटी गिळता गिळता वाचलो. सिद्धरामेश्वराला नवस. ऋतिक रोशनपण तोतरं बोलायचा बघ की, हे तर इतक्या वेळा ऐकलं की तो माणूस माझा चुलतभाऊ वाटायला लागला. मग कॉलेजला असताना बापूनी मालकाकडून उचल घेतली आणि मला दुसऱ्या शहरातल्या एका सेंटरला पाठवलं, पंधरा दिवसांत तोतरेपणा कायमचा बरा अशी जाहिरात होती. तिथं शब्द लांबवून ताणून बोलायला शिकवतात, न म म स्का s s र असं. तिथं असेपर्यंत मी एकदम क्लीन. शेवटच्या दिवशी स्टेजवर भाषणपण केलं, त्याचा व्हिडिओ काढला त्यांनी जाहिरातीला. सोलापूर स्टेशनला उतरलो आणि रिक्षावाल्यानं विचारलं कुठं, तिथंच अडकलो. उचल फेडायला बापूला लई दिवस लागले आणि तेवढे सगळे दिवस मी घरात जेवायला बसताना मान वर करत नव्हतो. आधी नुसता तोतरा होतो, आता पैसे खर्चूनपण तोतराच.

म्हणजे बघा, तोपर्यंत मी जे काही केलं ते सगळं जिभेवर केलं. लाजेवर काहीच नाही. लाज ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यावरपण काही करता येतं हेच माहीत नव्हतं.

नोकरी लागली टॉवेलच्या एका युनिटमध्ये, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. डिस्पॅचला. ट्रान्सपोर्टवाल्यांना दिवसभर फोन करायचं काम, आणि मी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालवत होतो, गाडी कुठंय, बिल्टी पाठवा, सगळं टाइप. मालक एकदा म्हणाला हा पोरगा फोन उचलत का नाही, आणि मी सर्दी झालीय असं टाइप करून दाखवलं. अक्कानं, म्हणजे माझ्या चुलतबहिणीनं, ती दवाखान्यात सिस्टर आहे, हे ऐकलं आणि मला जवळजवळ हाताला धरून रेल्वे लाईन्सला एका स्पीच थेरपिस्ट मॅडमकडं नेलं. मी म्हणलं पंधरा दिवसवाला प्रकार परत नको. ती म्हणाली आधी बस तरी.

मॅडमनी पहिल्या दिवशी एकपण व्यायाम दिला नाही. विचारलं, अडखळलात तर काय होईल? मी म्हणलं लोक हसतील. हसले तर? मला कमी समजतील. समजले तर? मी बराच वेळ गप्प, आणि हे गप्प बसणं अडकलं म्हणून नव्हतं. मग म्हणलं, म्हणजे मी तसाच आहे हे ठरेल की. मॅडम म्हणाल्या, म्हणजे लोकांच्या आधी तुम्हीच निकाल लावून ठेवलाय, लोक फक्त शिक्का मारायला येतात.

मग त्यांनी जो फरक सांगितला तो मला आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. हेलेन लुईस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय म्हणे. आपल्या हातून काही चुकलं असं वाटलं की माणूस ते निस्तरायला बघतो, माफी मागतो, भरपाई करतो. पण लाज वाटते तेव्हा चूक कुठली ते राहतं बाजूला आणि आपण आख्खेच्या आख्खे चुकीचे आहोत असं वाटतं, आणि आख्खा माणूस कसा निस्तरणार, त्याला फक्त लपवता येतं. मी तेच करत होतो. सात रस्त्याला उतरणं म्हणजे लपणंच. आणि गंमत अशी की लपलो की थोडा वेळ सुटल्यासारखं वाटतं, त्यामुळं पुढच्या वेळी अजून लपावंसं वाटतं. माझा तोतरेपणा पहिलीत होता तेवढाच राहिला असेल, लपवायची जागा मात्र वाढत वाढत आख्ख्या सोलापूरभर झाली.

जोसेफ शीहान म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, कॅलिफोर्नियात प्रोफेसर, स्वतः तोतरे. ते म्हणायचे तोतरेपणा हिमनगासारखा आहे, वर दिसतं ते अडखळणं थोडंसंच, पाण्याखाली भीती, लाज, अपराधीपणा. आता सोलापूरच्या माणसाला हिमनग काय सांगायचा, हितं नळाला पाणी यायची वाट बघण्यात दिवस जातात, पण मुद्दा पोचला.

अजून एक गोष्ट वाचली ती डोक्यातून जात नाही. १९३९ मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या लोकांनी अनाथाश्रमातल्या २२ पोरांवर एक प्रयोग केला. त्यातल्या काही पोरांचं बोलणं एकदम व्यवस्थित होतं, त्यांना मुद्दाम सारखं सांगत राहिले की तू तोतरा आहेस, अडखळलास, थांब, नीट बोल. त्या पोरांना खरा तोतरेपणा काही आला नाही. पण ती पोरं बोलायचीच कमी झाली, तोंड झाकायला लागली, वर्गात उत्तर देईनात. म्हणजे तोतरेपणा नसतानापण नुसती लाज तयार करता येते. विद्यापीठानं माफी मागितली ती २००१ मध्ये, तोवर ती पोरं म्हातारी झाली होती. हे वाचून मला वर्गातले मास्तर आठवले, "सावकाश बोल, घाई काय आहे", अगदी प्रेमानं म्हणायचे हो, पण दर वेळी.

तर मॅडमचा पहिला खरा कार्यक्रम म्हणजे मोबाईलवर स्वतःचा अडखळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि बघायचा. हे सगळ्यात वाईट होतं, खोटं कशाला बोलू. मी अडकलो की डोळे मिटतो, मान डावीकडं जाते आणि उजव्या हातानं मांडीवर मारतो, हे मला सत्तावीस वर्षांत माहीतच नव्हतं. बघताना कान गरम. चेहरा लाल होणं हे माणसाचंच खास लक्षण आहे असं डार्विननं १८७२ मध्ये लिहून ठेवलंय, माझ्या रंगात लाल काही दिसत नाही पण कान असे तापतात की भजी तळून घ्यावीत. मॅडम म्हणाल्या व्हिडिओ बंद करू नका, कान गार होईपर्यंत बघत बसा. होतात गार. कुणी सांगितलं नव्हतं की लाज अशी चढते आणि आपण पळालो नाही तर उतरतेपण, मी दरवेळी चढाला असतानाच पळालेलो.

मग अल्बर्ट एलिस, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. कि. मो. फडक्यांनी मराठीत ज्यांची विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत आणली तेच. हा माणूस तरुणपणी बायकांशी बोलायला घाबरायचा, म्हणून वयाच्या १९ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका बागेत जाऊन, बाकावर एकटी बसलेली प्रत्येक बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं असं ठरवलं त्यानं. १३० बायका. ३० लगेच उठून गेल्या, उरलेल्या शंभरांशी बोलला, एकीनं भेटायचं कबूल केलं आणि तीपण आली नाही. एलिस सांगायचा की हिशोबानं बघितलं तर सगळं फेल, पण कुणी पोलिसांना बोलवलं नाही आणि भीती गेली. (आजच्या काळात, आणि कंबर तलावाच्या बागेत तर अजिबातच, कुणी हे करू नये, मार बसेल आणि बरोबरच बसेल.) पुढं त्यानं लोकांना मुद्दाम लाजिरवाणी पण निरुपद्रवी कामं करायला लावायला सुरुवात केली, केळ्याला दोरी बांधून रस्त्यावर कुत्र्यासारखं फिरवा वगैरे. तोतऱ्या लोकांसाठी हेच काम म्हणजे मुद्दाम तोतरं बोलणं. चार्ल्स व्हॅन रायपर म्हणून अमेरिकेत एक मोठे स्पीच थेरपिस्ट होते, तेपण स्वतः तोतरे, त्यांच्या पद्धतीतपण हे होतं.

मला पहिल्यांदा वाटलं मॅडमचं डोकं फिरलंय. आयुष्यभर जे लपवलं तेच मुद्दाम करायचं आणि तेपण नवी पेठेत. पण गेलो. एका दुकानात जाऊन म्हणलं, ध ध ध धपाटे आहेत का. डोळे उघडे ठेवून, समोरच्याकडं बघत. दुकानदार म्हणाला संपलेत, शेंगापोळी आहे. बस. एवढंच. मी एवढी तयारी करून गेलेलो की मला जरा अपमानच वाटला.

आणि एक विचित्र गोष्ट, मुद्दाम अडखळायला गेलं की नीट अडखळताच येत नाही, शब्द सरळ निघून जातो. रिक्षात 'पार्क चौक' म्हणताना तर मी इतक्या वेळा नापास झालो, म्हणजे तोतरं बोलण्यात नापास, की घरी येऊन अक्काला फोन करून हसत बसलो.

सगळंच असं गोड नव्हतं. एका फरसाणाच्या दुकानात एक पोरगा माझी हुबेहूब नक्कल करून मित्रांना टाळ्या देत होता, मी तिथून निघालो आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोललो नाही. मॅडमना सांगितलं तर त्यांनी एक अभ्यास सांगितला. २००० साली कॉर्नेल विद्यापीठातला, पोरांना एक लाजिरवाणा टीशर्ट घालून वर्गात पाठवलं आणि विचारलं किती जणांचं लक्ष गेलं असेल, तर त्यांना वाटलं साधारण निम्म्यांचं आणि खरं निघालं पाव लोकांचं. मी म्हणलं मॅडम, टीशर्टचं ठीक आहे, माझा आवाज सगळ्यांनाच ऐकू येतो. त्या हसल्या, म्हणाल्या बरोबर आहे, काही वेळा लोक खरंच बघतात आणि खरंच हसतात, तेव्हा लाज त्यांची असते, तुम्ही फुकट घरी घेऊन आलात.

हे मला नंतर लई कामाला आलं, पण यावर माझं एक मत आहे ते सांगूनच टाकतो. सगळी लाज अशी व्यायामानं घालवायची नसते. माझी अम्मा विड्या वळते, शाळेत एका पोराच्या आईनं तिच्या हाताच्या तंबाखूच्या वासावरून तिला सगळ्यांसमोर बोललेलं. अम्मानं तिथं काय केळं फिरवायचं का? गरिबीवरून, जातीवरून, आईच्या कामावरून जी लाज लोक दुसऱ्याच्या अंगावर टाकतात तिथं सुधारायचं टाकणाऱ्यानं. स्वतःवर काम करा, मन बदला असं सांगणाऱ्या लोकांना हा फरक दिसत नाही आणि मग ते अम्मासारख्यांनाच उपदेश करत बसतात.

पुढचा टप्पा म्हणजे आधीच सांगून टाकणं. "मी बोलताना अडखळतो, जरा वेळ लागेल." हे एक वाक्य तोंडातून काढायला मला मुद्दाम तोतरं बोलण्यापेक्षा जड गेलं. कारण मुद्दाम बोललेलं खोटं असतं, आणि हे सांगणं मात्र खरं. पण सांगितलं की अर्धं ओझं तिथंच उतरतं, मग लपवायचं काय राहिलं.

या सगळ्यात घरी मी व्हिडिओ बघत बसलेलो असायचो आणि एकदा अम्मा शेजारी विड्या वळता वळता म्हणाली, तुझी मान जाते तशी बापूची पण जायची. मी बघतच राहिलो. बापू म्हणजे पूर्व भागातला सगळ्यात शांत माणूस, लग्नाच्या बैठकीतपण एक शब्द न बोलणारा, सगळे म्हणायचे देवमाणूस. अम्मा म्हणाली, लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं लाजतायत. ते लाजतच होते, पण वेगळं.

रात्री बापूला विचारलं. बराच वेळ लागला त्यांना, मी वाक्य पूर्ण करून दिलं नाही, तेवढं शिकलोय आता. ते म्हणाले, मागावर लागलो ते त्यासाठीच, तिथं कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, हातवारे चालतात. दुसरं कुठलं काम धरलं असतं तर गिऱ्हाईकाशी बोलावं लागलं असतं. आणि म्हणाले, तुला माझ्यामुळं झालं, म्हणून उचल घेतली होती. मी एकदम वाचलेलं सगळं सांगायला लागलो, की बापू हे मेंदूत बोलण्याच्या जुळणीचं असतं, साधारण शंभरात एका मोठ्या माणसाला असतं, पुरुषांत जास्त, घाबरल्यामुळं नाही होत, संस्कारामुळं नाही होत, २०१० मध्ये काही घराण्यांमध्ये तर त्याची जीन्सपण सापडलीत, रक्तातून येतं. बापू ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे मा… माझ्यामुळंच की."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनपण नाही. पण तेव्हापासून बापू माझ्यासमोर अडखळतात, आधी माझ्यासमोर गप्प असायचे. कधीकधी दोघं बोलायला बसलो की एक साधा निरोप सांगायला एवढा वेळ जातो की अम्मा म्हणते तुमचं होईस्तोवर मी अजून एक जुडी बांधते.

आता रविवारी सकाळी आम्ही काहीजण कंबर तलावाला भेटतो. सगळे अडखळणारेच. एक रिक्षा चालवतो, एक एमपीएससीवाला आहे, एक मुलगी आहे बी.एड. करणारी, तोतऱ्या मुली कमी असतात म्हणून तिला वाटायचं जगात ती एकटीच. तिच्यापुढचं कोडं वेगळंय, घरचे म्हणतात स्थळ बघायला आलं की फार बोलू नकोस, नाहीतरी मुलीनं कमीच बोलावं. तिनं परवाच्या स्थळाला पोह्यांच्या आधीच सांगितलं म्हणे. स्थळाचा निरोप अजून आला नाही, पण ती म्हणाली न आलेला बरा.

कुणी विचारतं म्हणून सांगतो, थेरपिस्ट शोधताना आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, कायमचं बरं करतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नका, लहान पोरगं दोन ते पाच वर्षांचं असेल आणि अडखळत असेल तर बहुतेकांचं आपोआप जातं पण सहा महिने-वर्ष झालं, नाही गेलं तर दाखवून घ्या, आणि त्याला "नीट बोल" म्हणू नका, ते काय बोलतंय ते ऐका. मन फारच खाली गेलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन करायचा म्हणजे परत बोलणं आलंच, पण तिथले लोक थांबतात.

माझं म्हणाल तर चालू आहे. अडखळतो. थकलेला असलो की आजपण तोंडातून सात रस्ता निघतं. कामावर मात्र आता फोन मीच करतो आणि त्यात एक नवीनच भानगड झालीय, मी अडकलो की पलीकडं नुसती शांतता जाते, मग ट्रान्सपोर्टवाला हॅलो हॅलो करतो, रेंज नाय म्हणतो आणि कट करतो. मी परत लावतो. परवा असंच दोन-तीनदा झाल्यावर म्हणलं, "र र रेंज आहे साहेब, मी तोतरा आहे." पलीकडून एक सेकंद काहीच नाही. मग म्हणाला, "असं होय. मग सांगा की निवांत, गाडी काय आज निघत नाय, ड्रायव्हर पळालाय."